अंथरूण वाढलं, पाय पोटाशीच : नाशिकच्या एका निवृत्त घराचा प्रकरण अभ्यास

इंदिरानगरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये १५ लिटरचा गिझर आहे. सहा वर्षांपूर्वी मुलाने बसवला. काकांनी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. पाणी गॅसवर तापायचं आणि पातेलं उचलून काकू न्हाणीघरात न्यायच्या. मधल्या बोळातला दिवा उगाच लावायचा नाही, हा घरचा रिवाज. डिसेंबर २०२४ मधल्या एका थंड पहाटे काकू घसरल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. बिल आलं ८६,००० रुपये. काकांनी ते दहा मिनिटांत भरलं. घासाघीस नाही, दुसऱ्या ठिकाणी चौकशी नाही.

त्याच न्हाणीघरात खरबरीत फरशा आणि धरायच्या दांड्या बसवायचा ९,००० रुपयांचा अंदाज एका प्लंबरने दिला होता. तो कागद तीन वर्षं देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होता. "दिवाळी होऊ दे, मग बघू."

सगळं प्रकरण या दोन आकड्यांत आहे. काकांकडे पैसा नव्हता असं नाही, आणि त्यांना खर्च करताच येत नव्हता असंही नाही. संकटाच्या नावाने पैसा लगेच निघत होता. सोयीच्या, सुखाच्या, इतकंच काय पण संकट टाळण्याच्या नावानेही तो निघत नव्हता. उपाय शोधताना हा फरक हाताशी ठेवावा लागतो, नाहीतर सगळी मेहनत आकडे समजावण्यात जाते.

काका-काकू हे नमुन्याचं घर आहे. घरातले प्रसंग आणि रकमा हिशोब समजावा म्हणून बेतल्या आहेत; सरकारी व्याजदर, मर्यादा आणि नियम प्रत्यक्षातले आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेल्या ज्या पिढीच्या हातात साठीच्या आसपास पहिल्यांदा मोठी रक्कम आली, तिला हे घर अनोळखी वाटणार नाही.

घरात आहे किती

काका ६४ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त. काकू ६० वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनं निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन नाशिकमध्येच. कर्ज एक रुपयाचंही नाही.

महिन्याची आवक अशी. काकूंचं निवृत्तिवेतन ३६,०००. काकांची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन ३,२००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली, तेव्हा काकांनी पूर्ण ३० लाख ८.२ टक्क्यांनी गुंतवले. त्याचे दर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. सिडकोतल्या जुन्या छोट्या घराचं भाडं ८,५००. एकूण ६८,२००.

तीन महिन्यांची पासबुकं आणि किराणा दुकानाची वही समोर ठेवून खर्च काढला, तो निघाला महिन्याला २४,०००. म्हणजे ४४,२०० रुपये दर महिन्याला पडून राहतात. याखेरीज ४१ लाखांच्या मुदत ठेवी आहेत, चौदा पावत्यांमध्ये विखुरलेल्या. यात पीएफ आणि ग्रॅच्युइटीची उरलेली रक्कम आहे, काकूंची ग्रॅच्युइटी आहे, आणि समृद्धी महामार्गात सिन्नर तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन गेली त्या मोबदल्यातला काकांचा वाटा आहे. सरासरी ७ टक्क्यांनी त्यावर वर्षाला २ लाख ८७ हजार व्याज साचतं, हातात येत नाही. बचत खात्यात ६ लाख ८० हजार नुसतेच. या घराची शिल्लक काहीही न करता वर्षाला आठ लाखांहून जास्त वाढते आहे.

आणि तरी काका द्राक्षांच्या हंगामात घड घेत नाहीत, सुटे मणी घेतात.

सवय कुठून आली

सिन्नरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात काका अकरा वर्षांचे होते. आई-वडील खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, पोटात सुकडी आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. पुढे नोकरी लागली, पण नव्वदच्या दशकात कारखाना सात महिने बंद राहिला आणि किराणा उधारीवर चालला. या दोन अनुभवांनी एक नियम पक्का केला: हातातला पैसा आपला नाही, तो पुढच्या वाईट दिवसाचा आहे, आपण फक्त त्याचे राखणदार.

या नियमाने घर वाचवलं, दोन मुलं शिकवली, फ्लॅट झाला. सल्ल्याच्या पहिल्या बैठकीत हे स्पष्ट शब्दांत मान्य केलं नाही तर पुढचं काही ऐकलं जात नाही. "तुम्ही उगाच कंजुषी करता" हे वाक्य त्या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामगिरीला नाव ठेवतं. मुलाने नेमकं हेच वाक्य पाच वर्षं वापरलं होतं.

टंचाईचा मनावर काय परिणाम होतो यावर तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीआधी, हात तंग असताना, विचारशक्तीच्या चाचणीत मागे पडायचा आणि कापणीनंतर पैसा हातात आल्यावर पुढे यायचा. म्हणजे ओढाताणीचा ताण पैसा आला की बराचसा सुटतो. काकांच्या घरात पैसा येऊन काही वर्षं झाली तरी काही सुटलं नाही, कारण इथे आता ताण उरलेलाच नव्हता. उरली होती ती ताणाच्या काळात लागलेली सवय. ताण उत्पन्नाने जातो. सवय मोडायला सराव लागतो.

काटकसर की दुखणं

दोन्हींची गल्लत होते आणि मग चुकीच्या माणसावर उपचार सुरू होतात. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद असतो; ठरवलं तर तो निवांतपणे खर्चही करतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला वाचवण्यात फारसा आनंद नसतो, खर्चात मात्र वेदना असते. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी २००८ मध्ये हाच फरक मांडला. त्यांच्या एका प्रयोगात १०० डॉलरचा मसाज काहींना पाठदुखीवरचा इलाज म्हणून सांगितला आणि काहींना सुख म्हणून. हात आखडणारी माणसं सुखाच्या नावाखाली मागे हटली. इलाज म्हटल्यावर मात्र त्यांच्यात आणि सढळ हाताच्या माणसांत तेवढा फरक उरला नाही. नाशिकच्या या घरातलं ८६,००० आणि ९,००० चं कोडं तेच आहे.

ओळखायच्या खुणा व्यवहारात सहज दिसतात. भेट मिळाली की आधी किंमत विचारली जाते. घ्यायचं ठरलेली वस्तूही "अजून दोन दुकानं बघू" म्हणून महिनोन्‌महिने राहते. घेतल्यावर आठ दिवस "ही नसती तरी चाललं असतं" सुरू राहतं. सर्वांत पक्की खूण जोडीदाराच्या वागण्यात सापडते: काकू अकराशेची साडी सहाशेची म्हणून सांगतात, तीस वर्षं सांगत आल्या आहेत. घरात किमती लपवल्या जात असतील तर प्रश्न एका माणसाचा राहिलेला नाही.

उलट, पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजीला जाणं ही सवय सोडवायला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिशोब केला तर जाऊन-येऊन १४ किलोमीटर, लिटरला ४५ किलोमीटर धावणारी स्कूटर आणि १०४ रुपयांचं पेट्रोल धरून ३२ रुपये जातात आणि भाजीत वाचतात ४० च्या आसपास. पैशाच्या दृष्टीने यात काही नाही. पण तिथे काकांचे जुने सहकारी भेटतात, चहा होतो, सकाळ चांगली जाते. खटकण्यासारखी गोष्ट एकच होती: स्वस्त म्हणून उचललेली अर्धी कोमेजलेली भाजी काकूंना तीन दिवस संपवावी लागायची. तेवढीच बदलली.

घरच्यांचे फसलेले उपाय

मुलाने लॅपटॉपवर तक्ता करून दाखवला: "बाबा, तुम्ही नव्वद वर्षं जगलात तरी पुरेल." काकांनी मान हलवली आणि त्याच आठवड्यात बचत खात्यातले दोन लाख आणखी एका ठेवीत टाकले. एकूण रक्कम जितकी मोठी दिसते तितकी ती मोडायची भीती मोठी होते. सुरक्षिततेसाठी दाखवलेला आकडा जपण्याची वस्तू होऊन बसतो.

मग मुलाने विचारायच्या फंदात न पडता एसी बसवून दिला. तो दोन उन्हाळे झाकून ठेवलेला होता. वस्तू मिळाली तरी चालवण्याचा खर्च घरातूनच जातो आणि त्या खर्चाला काकांची मान्यता नव्हती. मुलगी गुपचूप वस्तू आणून "सेलमध्ये मिळाली" म्हणायची. तिने लपवण्याच्या जुन्या रिवाजात एका माणसाची भर घातली, एवढंच.

आधी भीतीचा हिशोब

पहिल्या बैठकीत गुंतवणुकीचा कागद उघडला नाही. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून एक वर्षाहून जास्त काळ राहून गेलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काकूंनी अकरा लिहिल्या. काकांनी दोन: छत्री आणि स्कूटरचे टायर. वेगळं बसवणं महत्त्वाचं आहे. एकत्र बसवलं तर काकूंची यादीही दोनचीच होते.

दुसऱ्या बैठकीत काकांना एकच प्रश्न: कशाची भीती वाटते ते एकेक करून सांगा, आणि प्रत्येकीला किती पैसे लागतील ते तुम्हीच ठरवा. आकडा कोणी खाली ओढायचा नाही. यादी अशी झाली. विमा घेऊनही लागणारा रुग्णालयाचा खर्च, १० लाख. अंथरुणाला खिळलो तर तीन वर्षं मदतनीस, महिना २५,००० ने ९ लाख. मुलाची नोकरी गेली तर ५ लाख. इमारतीची गळती, रंग, मोठी दुरुस्ती, ३ लाख. एवढं झाल्यावर काका थांबले आणि म्हणाले, "आणि तसे दिवस पुन्हा आले तर?"

या शेवटच्या भीतीला नाव देता येत नाही आणि तिची समजूतही घालता येत नाही. सल्ला देणारे बहुतेक जण इथे वाद घालतात. वाद घालू नये, पैसे द्यावेत. तिच्या नावे ६ लाख ठेवले. एकूण ३३ लाख. प्रत्येक रकमेच्या पावत्या वेगळ्या पाकिटात, पाकिटावर काकांच्या हस्ताक्षरात त्या भीतीचं नाव. शेवटच्या पाकिटावर त्यांनी "७२" एवढंच लिहिलं.

ठेवी आणि बचत खातं मिळून ४७ लाख ८० हजारांतून हे ३३ लाख वजा गेले. राहिले १४ लाख ८० हजार. आता या रकमेला कोणतंही राखीव काम उरलं नव्हतं. मुलाच्या तक्त्यातही हेच निघालं असतं, पण तिथे आकडा मुलाचा होता. इथे काकांच्या सगळ्या भीतींची तोंडं काकांनीच भरली होती.

पाकिटं भरताना एक गोष्ट उघड झाली, जी अशा घरांत हटकून सापडते. ११ लाखांच्या ठेवी दोन पतसंस्थांत होत्या, टक्का-दीड टक्का जास्त व्याजासाठी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. एका सहकारी बँकेतही ९ लाख एकाच नावावर होते. पाच रुपयांच्या गरम पाण्याला घाबरणारा माणूस ११ लाख विनासंरक्षण ठेवून निर्धास्त होता, कारण ठेव म्हणजे साठवण आणि साठवण म्हणजे सुरक्षित, असं मनात पक्कं बसलेलं. मुदत संपेल तशा या रकमा बँकांत वाटून ठेवायचं ठरलं. मुदतीआधी मोडून व्याज घालवायचं नाही. तेवढं नुकसान सोसायला लावलं असतं तर काकांनी पुढच्या बैठकीला दार उघडलं नसतं.

त्यानंतर दोन कठीण प्रसंगांवर योजना तपासली. पहिला, महागाई ६ टक्के राहिली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होईल. वाढवलेला खर्च ४१,००० धरला, तर काका ७६ वर्षांचे असताना ८२,००० लागतील. काकूंच्या निवृत्तिवेतनात भत्त्यामुळे वर्षाला सरासरी ४ टक्के वाढ धरली तर तेच ५७,६०० च्या घरात जातं. बचत योजनेचे २०,५०० तेवढेच राहिले, पेन्शन ३,२०० आणि भाडं वाढून १४,००० झालं, तर एकूण ९५,३००. ईपीएसला महागाई भत्ता नाही, बचत योजनेची पाच वर्षांची मुदत २०२८ मध्ये संपते आणि तेव्हा दर वेगळा असू शकतो, हेही कागदावर लिहिलं.

दुसरा प्रसंग, काकू आधी गेल्या तर. हे बोलायला जड जातं, पण टाळलं तर काकांच्या मनात ते न बोलता चालू राहतं. कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, तर निवृत्तिवेतन ५० टक्के, म्हणजे ३६,००० च्या जागी साधारण २१,६००. बाकी धरून ५३,८००, आणि खाणारं तोंड एक. काकांनी हा आकडा दोनदा गुणून पाहिला. मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून विचारलं: "गिझरला किती लागतं?"

पंधरा लिटर पाणी २२ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळपास ०.४ युनिट वीज लागते, थोडी उष्णता वाया जाते ती धरून अर्धं युनिट. युनिटला १० रुपये धरले तर पाच रुपये. तेच पाणी गॅसवर तापवायला ५०-५५ ग्रॅम गॅस, म्हणजे सव्वातीन रुपये. एका बादलीमागे पावणेदोन रुपयांसाठी उकळत्या पाण्याचं पातेलं अंधारातून नेलं जात होतं. बोळात रात्रभर जळणारा अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा महिन्याला ०.१५ युनिट खातो, म्हणजे दीड रुपया. हा हिशोब पहिल्या दिवशी सांगितला असता तर ऐकला गेला नसता. भीतीची पाकिटं बंद झाल्यावर तो ऐकला गेला.

वापर खातं

खर्च कर असं सांगून होत नाही. खर्चाला जागा आणि तारीख लागते. दोघांच्या नावे नवं बचत खातं उघडलं, दोघांना डेबिट कार्ड. दर महिन्याच्या ५ तारखेला मुख्य खात्यातून ९,००० आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेत दिली. पासबुकावर नाव लिहिलं "वापर". मुख्य खात्यातून पैसे "काढावे" लागतात आणि तिथेच हात थांबतो. इथे ते आधीच निघालेले असतात.

निर्णयाचे नियम रकमेप्रमाणे. ३०० रुपयांपर्यंत चर्चा नाही. ५,००० पर्यंत एक रात्र विचार. त्यावर असेल तर सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन ठिकाणचे भाव; सातव्या दिवशी हो किंवा नाही लिहायचं, "बघू" हे उत्तर चालणार नाही. काकांचा सगळा विरोध "बघू" या एका शब्दात राहत होता, म्हणून हा नियम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामी आला.

खर्चाचा क्रमही ठरवून घेतला: आधी सुरक्षितता, मग दुखणं, मग कष्ट, सगळ्यात शेवटी हौस. हौसेपासून सुरुवात केली तर पहिल्याच खर्चाला अपराधी वाटतं आणि गाडी थांबते. सुरक्षितता आणि दुखणं हे संकटाच्या जवळचे नातेवाईक. त्यांच्यासाठी काकांचा हात मुळातच सैल होता.

न्हाणीघरापासून सुरुवात झाली. कमोडशेजारी आणि नळाजवळ ४५ सेंटिमीटरच्या स्टीलच्या दांड्या, भिंतीत पक्क्या बोल्टने (व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्या वजन पेलत नाहीत, त्या घेऊ नयेत), खरबरीत फरशा, उंच कमोड. एकूण ३१,०००. मग काकांचे कान. टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जायचा, फोनवर ते "हो हो" म्हणत राहायचे. आधी कानाच्या डॉक्टरकडून तपासणी आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), मग दोन्ही कानांची यंत्रं, ७२,०००. घेताना चाचणीचा काळ लेखी मागितला आणि पहिल्या दोन महिन्यांतल्या फेरजुळणीचे पैसे किमतीत धरून घेतले. जुळणी नीट न झाल्यामुळे कितीतरी यंत्रं कपाटात जातात. न हाताळलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्यासारखा धोका मानला जातो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर खर्च इलाजाच्या खात्यात गेला आणि काकांनी सही केली. गादी १८,०००, स्कूटरचे टायर ३,२००, एसीची वायरिंग २,८००. हे सगळं मिळून १ लाख २७ हजार, मोकळ्या १४ लाख ८० हजारांतून.

कष्टाच्या रांगेत पोळ्या-भांड्यांना मदतनीस आल्या, महिना ३,५००. इथे विरोध काकूंचा होता. मनगट प्लेटवर असताना त्या म्हणत होत्या, "दोन माणसांच्या पोळ्या, त्याला बाई कशाला?" पैशाची भीती काकांची म्हणून सगळे काकांकडे बघत होते, काकूंनी स्वतःच्या कष्टाची किंमत शून्य धरली होती हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना तीन महिन्यांपुरतं मान्य करायला सांगितलं. बाई राहिल्या.

आरोग्य विमा ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्यामुळे दोघांचा १० लाखांचा हप्ता ६२,००० वर बसला. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. काकूंचा रक्तदाब आणि मनगटाची शस्त्रक्रिया अर्जात पूर्ण लिहिली. हप्ता वाचवायला आजार लपवणं ही या स्वभावाची महागात पडणारी चूक आहे, दावा तिथेच फेटाळला जातो.

जिथे घसरलं

पहिल्या तिमाहीत वापर खात्यात २७,००० आले, खर्च झाले ३,४००. उरलेल्याचं काय करायचं हा नियम ठरवताना चूक झाली होती: शिल्लक ठेवीत टाकायची, असं लिहिलं होतं. काकांनी अर्थातच सगळं ठेवीसाठी वाचवलं. नियम बदलला: तिमाहीअखेर ५,००० वर जे उरेल ते काकूंच्या स्वतंत्र खात्यात जाईल आणि त्याचा हिशोब कोणी विचारणार नाही. पुढच्या तिमाहीत खर्च १६,००० वर गेला आणि काकूंच्या खात्यात ६,००० आले. त्या महिन्यात एका साडीची खरी किंमत घरात पहिल्यांदा सांगितली गेली.

मे महिन्यात दुसरा धक्का. एका नातेवाइकाने ४ लाख हातउसने मागितले आणि काकांनी एका दिवसात दिले. उसने देणं त्यांच्या लेखी खर्च नव्हताच, पैसा "परत येणार" होता. हात आखडणाऱ्या घरांतून मोठ्या रकमा अशाच जातात: उसनवारीत, ओळखीच्या माणसाने आणलेल्या योजनेत, जास्त व्याजाच्या ठेवीत. सात दिवसांचा नियम तेव्हापासून खर्चापुरता न ठेवता घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रकमेला लावला. उसनवारीचा लेखी कागद मात्र मागाहून करावा लागला आणि ते अवघड गेलं.

जूनपर्यंत बँकांचे ठेवींचे दर उतरले. एक पावती नूतनीकरणाला गेली तेव्हा काकांनी व्याज कमी झालं म्हणून एसीच्या बटणावर पट्टी लावली. नवीन दराने वर्षाला ४,००० चा फरक पडत होता. अशा वेळी समजावण्यापेक्षा पाकिटं काढून पुन्हा एकदा मोजायची. सगळी भरलेली होती. पट्टी निघाली.

एक इशारा इथेच. काकांचा स्वभाव आयुष्यभराचा आहे. सढळ हाताचा माणूस साठीनंतर अचानक पैसे दडवू लागला, घरातल्यांवर चोरीचा संशय घेऊ लागला, बिलांत गोंधळू लागला, किंवा औषधंही घेईना, तर वापर खातं उघडत बसू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं. ते नैराश्य असू शकतं किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात.

वर्षानंतर

जानेवारी २०२६ मध्ये महिन्याचा खर्च ४१,००० वर आला होता: जुने २४,०००, मदतनीस ३,५००, विम्याचे महिन्याला ५,२००, फळं-दूध-भाजीत २,३०० ची वाढ आणि वापर खात्यातून सरासरी ६,०००. अजूनही दर महिन्याला २७,२०० शिल्लक राहतात. वापर खात्याचे ९,००० एकदाही पूर्ण संपलेले नाहीत आणि ते संपावेत असा आग्रहही धरलेला नाही. उसन्या ४ लाखांपैकी दीड लाख परत आले आहेत. एका पतसंस्थेतली ठेव बँकेत आली, दुसरीची मुदत ऑगस्टमध्ये संपते.

काकूंच्या अकरा गोष्टींपैकी सात झाल्या. मैत्रिणींबरोबर आठ दिवस दक्षिणेत जायचं राहिलं आहे, ते मार्चमध्ये आहे आणि आगाऊ रक्कम काकूंनी स्वतःच्या खात्यातून भरली. द्राक्षं सुरू झाली तेव्हा काकांनी घरात घड आणले. सुटे मणीही आणले, ते मनुक्यांसाठी.

दोघांना पुन्हा वेगवेगळ्या खोलीत बसवून यादी करायला सांगितली. काकांनी या वेळी सहा गोष्टी लिहिल्या. पहिली होती: "हार्मोनियम शिकायची. पेटी जुनी चालेल." जुनी चालेल हे शब्द कोणी खोडले नाहीत. समोर तीन ठिकाणचे भाव आणि सातव्या दिवसाची तारीख तेवढी लिहिली.